पोरायचा इळा

मी कोनाचे उपकार लवकर मानत नाई, माहा सभावच तसा. माहा नवरा फुलचंद म्हनते, हिले कोनी पान्याचा पेला देला तरी ही पयले आत पाह्यते, काई पडलं तर नाई. खरं हाय. पन मागच्या सोयाबीनच्या सोंगनीत, म्हंजे कापनीत, माह्या बादलचं जे झालं, ते सांगतानी मले चार जनायचे उपकार मानाच लागतात. त्यात एक अशी बाई हाय, जिच्याशी मी चांगल्या तोंडानं दोन शब्द बोलत नव्हती.

आमचा तांडा मालेगाववरून रिसोडकडं जाताना फाट्यापासून आत, अर्धा कोस पायवाटेवर. पन्नासक घरं. जमीन मुरमाड, कोनाले एकर, कोनाले दोन. घरचं सोयाबीन दोन दिवसात सोंगून होते, मंग दुसऱ्यायच्या वावरात जा लागते. घरात आमी चौघं. फुलचंद, मी, नऊ वर्साची निकिता अन् दोन वर्साचा बादल. सासूसासरे वारले, म्हनून लेकरू कोनापाशी ठेवाव असं घरात मानूस नाई.

आमची टोळी अकरा इळ्यायची. रामधन मुकादम. एकराच्या गुत्त्यानं, म्हंजे ठेक्यानं, काम घ्याचं अन् सांजच्याले इळ्याप्रमानं वाटून घ्याचं. बाई असो का मानूस, म्हातारा असो का जवान, वावरात ज्याचा इळा चालला त्याचा एक वाटा. वावरात इळा नाई त्याले वाटा नाई. रामधनच्या बापापासून हे असंच चालत आलं, अन् त्याच्यावर आमच्यात कदी भांडन झालं नाई.

सकाऊन सहाले छोटा हत्ती टेम्पो फाट्यावर येऊन भोंगा वाजवते. अन् आमची अंगनवाडी उघडे साडेदहाले. वर्षाराणीताई मालेगाववरून बसनं येत, फाट्यावर उतरत अन् पायी तांड्यात येत. मदतनीस होती ते लगन होऊन गेली, तिची जागा सालभर भरली नाई. म्हंजे आमी अर्ध वावर सोंगून बसलो की मंग तिकडं अंगनवाडीचं कुलूप निघे. तवपर्यंत बादलले कोन पाहीन? निकिता. तिची शाळा तशीच बुडे.

आता वजनाचं सांगते. दर महिन्याले ताई लेकरायचं वजन करत अन् मोबाईलात भरत. हिरवं म्हंजे बरं, पिवळं म्हंजे सांभाळा, लाल म्हंजे लेकरू लय खंगलं. त्याच्या आदल्या साली रामधनचा नातू प्रज्वल लालमधी निघाला. त्याले जिल्ह्याच्या दवाखान्यात चौदा दिवस ठेवलं. पोरगं सुधरलं, ते मी नाई म्हनत नाई. पन माय त्याच्यापाशी बसली, बाप डबा घेऊन ये-जा करत राह्यला, अन् भर सोंगनीत टोळीतले दोन इळे गेले. वरून बाया बोलल्या, हिच्या दुधात कसच नाई. त्या बोलनाऱ्यात मी बी होती.

मंग आमच्या तांड्यात एक रीतच पडून गेली. वजनाच्या दिवशी लेकराले सेटर घालाचं, चांदीचे कडे चढवाचे, घरून निंघतानी गिलासभर पानी पाजाचं. मी त्याच्या पुढं गेली. फुलचंदच्या मासे धराच्या जाळ्याले खाली शिसं असते. ते अर्धा किलोभर काढलं, लाल फडक्यात शिवलं अन् बादलच्या कंबरीले करदोड्यात बांधलं. ताईनं इचारलं तर सांगतलं, पोहरादेवीचा अंगारा हाय, सोडता येत नाई. देवीच्या नावावर खोटं बोलली मी. काटा पिवळ्यावर थांबला. घरी येऊन फडकं सोडलं तर पोराच्या कंबरीले लाल वळ उठला होता. मी तेल लावलं अन् गप बसली.

सोंगनी लागली. तिसऱ्याच दिवशी शाळेच्या सरानं फुलचंदले रस्त्यात थांबवलं अन् चार लोकायपुढं म्हनलं, पोरीले शाळेत पाठवाचं नाई तर नाव काढून न्या. फुलचंद मान खाली घालून घरी आला, जेवला बी नाई. दुसऱ्या दिवसापासून मी बादलले वावरात नेलं.

धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बाभळीले लुगड्याची झोळी बांधली. सोयाबीनच्या शेंगा वाळल्या की टोचतात, हात रक्ताळतात, बोटायले चिंध्या गुंडाळा लागतात. अश्विनातलं ऊन त्याच्यावर. बादलले चहात भाकर कुस्करून देवाव तर दोन घास खाये अन् मान फिरवे. मंग झोपे. टोळीतल्या बाया म्हनत, काय गुनाचं लेकरू हाय, रडत बी नाई. मले बी तेच वाटे. सोंगाची ओळ, म्हंजे पात, सोडून चारदा त्याच्यापाशी जा लागे, बस एवढंच मले अवघड वाटे.

माह्या बाजूची पात झमकीबाईची. साठी उलटलेली बाई, एकटी, पोरगी दूर देल्लेली. तिचे गुडघे गेले होते. आमी वाकून सोंगत जाओ, ते बसून सरकत सरकत सोंगे. मी माही पात संपवून तिची अर्धी सोंगाव अन् तोंडानं शिव्या द्याव. एक दिवस ऊन डोक्यात गेलं अन् मी रामधनले सगळ्यायच्या देखत म्हनलं, "पुढच्या साली ज्याचे पाय चालतात त्यायलेच घे. इथी काय धरमशाळा उघडली का?" झमकीबाईनं मुंडी वर केली नाई. इळा चालवत राह्यली.

त्याच आठवड्यात दुपारी एकच्या सुमारास धुऱ्यावरून वर्षाराणीताई येताना दिसल्या. तांड्यातून वावरापर्यंत तीन किलोमीटर चालत आलेल्या. पायात चपला, अन् सोयाबीनच्या खुंटायनं पाय सोलून निंघालेले. बादल आठ दिवस आला नाई म्हनून त्या पाह्याले आल्या होत्या. सरळ झोळीपाशी गेल्या. पर्समधून कागदी पट्टी काढली अन् झोपलेल्या बादलच्या दंडाले गुंडाळली. पट्टीवर तेच तीन रंग अन् एक बान असते. बान लालवर आला.

ताई म्हनल्या, "सोनीबाई, काटा पिवळं म्हणाला होता. पट्टी लाल म्हणते आहे. दोघांतलं खोटं कोण बोलतंय?"

मी म्हनलं, तुमची पट्टी. कागदाची हाय, पान्यानं आकसली असन.

त्यायनं माहा हात धरला. माहा अंगठा अन् बोट बादलच्या दंडाभोवती धराले लावलं. माह्या हाताची बोटं काई लांब नाई, कामाचा हात हाय, जाडा. तरी बोट अंगठ्याले लागलं अन् वरून पुढं गेलं. त्या लेकराले मी रोज नाहू घालत होती, पाजत होती, उचलून घेत होती. माह्या हाताले ते कदी समजलं नाई.

अन् माहा सभाव असा, मी घाबरली की तोंडातून आग निंघते. मी ताईले नाई नाई ते बोलली. तुमची अंगनवाडी कोनाच्या लेकरायसाठी हाय, साडेपाचले आमी घर सोडतो, साडेदहाले तुमी येता. तीन वाजता तुमी बस पकडाले निंघता, सहाले आमी परत येतो. मधातल्या टायमात लेकराले काय वाऱ्यावर सोडाव? सगळी टोळी इळे थांबवून आयकून राह्यली होती.

मले वाटलं, आता ह्या बी बोलतीन, मंग चांगलं भांडन होईन. पन त्या धुऱ्यावर बसल्या. म्हनल्या, "बरोबर आहे तुमचं. चार वर्षं झाली मला इथं. हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही."

भांडनाऱ्या मानसाचं असं कोनी कबूल केलं तर त्यानं काय कराव? मी तिथंच बसली अन् रडली. मंग त्यायले शिसं सांगतलं. आयकून त्या रागावल्या नाई. फक्त इचारलं, अजून किती घरात असं हाय? मी म्हनलं, मले माहीत नाई. पन माहीत होतं.

त्यायनं दोन गोष्टी सांगतल्या. एक, बादलले उद्याच्या उद्या उपकेंद्राच्या सिस्टरले दाखवाचं. त्याले भूक असन, ताप नसन, तर दवाखान्यात न नेता तांड्यातच सुधरवता येते, पन दिवसातून आठ खेपा खाऊ घाला लागीन, अन् पयली खेप उजाडताच. भूक बी मेली असन तर मंग दवाखाना, अन् तिथंही त्या संगं येतीन. दुसरी गोष्ट, आज सांजच्याले सगळ्या मायबापायनं एका जागी बसाचं. बाप लोकायनं बी. शेवटची बस गेली तर त्या तांड्यात राह्यतीन.

सेवालाल महाराजाच्या मंदिरापुढं ओटा हाय, तिथं आमी बसलो. दिवस मावळतीले गेला होता. तांड्याचा नायक उदयसिंग मधात, मानसं एकीकडं, बाया एकीकडं. ताई म्हनल्या, आज मी बोलणार नाही, तुम्ही बोला, अंगणवाडी किती वाजता उघडायला पाहिजे? हे आमाले आजवर कोनी इचारलंच नव्हतं. पयले मानसायनं इकडचं तिकडचं काढलं. टोळीतला धनराज म्हनला, ते अंगनवाडीच्या खाऊच्या पुड्याची चव लागत नाई, माही बकरी खाते, तिचं वजन पाहा कसं वाढलं. सगळे हासले. ताईले बी हासू आलं.

मंग ताईनं हळूच सांगतलं. काट्यावर तांड्यात लाल एकही नाही. आज दुपारून मी पट्टी घेऊन घरोघर फिरले. चार लेकरं लाल. नावं मी घेत नाही.

मले कळून राह्यलं होतं का आता मी गप बसली तर सगळेच गप बसतीन, अन् उद्या सहाले भोंगा वाजीन अन् आमी गाडीत बसू. मी घरी गेली, ते लाल फडकं आनलं अन् ओट्यावर टाकलं. शिसं ओट्याच्या दगडावर वाजलं.

मी म्हनलं, "हे पोहरादेवीचं नाई. हे निकिताच्या बाबाच्या जाळ्याचं हाय. मी बादलच्या कंबरीले बांधलं होतं."

फुलचंद माह्याकडं पाह्यतच राह्यला. जाळं हलकं काहून झालं म्हनून तो महिनाभर दुकानदाराले शिव्या देत होता. मी मान खाली घातली. वाटलं, आता तांडा थुकन माह्या तोंडावर. तवा रामधनची सून उठली. प्रज्वलची माय. तिनं पदराची गाठ सोडली अन् ट्रॅक्टरचे दोन जाडे नट शिशाच्या बाजूले ठेवले. मंग एकीनं तराजूचं माप आनलं. एकीनं घरून लेकराची टोपी आनून त्यातून कुलूप काढलं, बिना चावीचं. पाच घरातून सामान निंघालं. आमी बाया एकमेकीकडं पाहू शकत नव्हतो, अन् तरी मले लय हलकं वाटलं.

नायकानं तो ढीग दोन हातायनं उचलला. तो म्हनला, "एवढं तरी लेकरायच्या अंगावर पायजे होतं ना बाप्पा." रामधननं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले.

त्याच्यानंतर खरं बोलनं झालं. सकाऊन साडेपाचपासून कोनी तरी अंगनवाडीत बसाव, लेकरायले खाऊ घालाव, ताई आल्या की दोघीनं मिळून पाहाव, ताई गेल्यावर आमी येईपर्यंत तिनं सांभाळाव. सगळ्यायले पटलं. पन बसन कोन? जे बसन तिचा त्या दिवशीचा वाटा गेला. अन् वाटा सोडून कोन बसते?

फुलचंद चार मानसात कदी तोंड उघडत नाई. तो म्हनला, "पोरं सांभाळनारीचा इळा वावरातच धरा."

रामधनची मान आडवी हालली. वावरात इळा नाई त्याले वाटा नाई, हे त्याच्या बापाचं चालत आलेलं. धनराज बी म्हनला, उद्या कोनी घरी झोपून वाटा मांगन. मी उठली. म्हनलं, धनराजभाऊ, आमी चार बाया लेकरायपायी दिवसातून चार चार खेपा पात सोडतो. त्याचा धरा जोड. एक इळा घरी बसला तर आमचे चार इळे वावरात पुरे चालतीन. रामधननं बोटावर मोजलं, मनातल्या मनात जोड केला. मंग म्हनला, आठ दिवस पाहू, एकर कमी पडला तर मोडू.

आता बसन कोन? आमच्यासारख्या जवान बाया काढल्या तर टोळी मार खाईन. रामधननं झमकीबाईकडं पाह्यलं. तिनं पाय लांब करून गुडघे चोळत म्हनलं, मी बसते. मले ते पटलं नाई. मी तिले भर वावरात काय बोलली होती ते सगळ्यायले माहीत. आता माहंच लेकरू तिच्या हातात. मनात आलं, ही माह्यावरचा राग पोरावर काढन. पन दुसरं कोनी नव्हतं.

ताईनं अंगनवाडीची एक चावी पाच जनायच्या कमिटीच्या हवाली केली. त्यात दोन बाप. फुलचंदचं नाव त्यात आलं तवा तो असा काई लाजला, जसा त्याचं दुसरं लगन ठरलं. कमिटीनं चावी झमकीबाईले देली. ताईच्या वरच्या सुपरवायझर बाईनं पयले हे आयकून नाई म्हनलं, लिहून द्या म्हनलं. नायकानं लिहून देलं, पंचवीस आंगठे अन् सह्या लावून. मंग त्या सोता येऊन पाहून गेल्या अन् हरकत घेतली नाई.

ओट्यावर बसलो त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजता मी बादलले झोपेतच उचललं. अंगनवाडीत दिवा लागला होता, चूल पेटली होती. झमकीबाईनं हात पुढं केले. मी पोरगं देलं अन् मांगं न पाह्यता फाट्यावर गेली. दुपारी सिस्टर तांड्यात येऊन पाहून गेली. म्हनली, भूक हाय, इथंच सुधरन.

गंमत अशी का तांड्यातलं सगळं त्या खोलीत येऊन पडू लागलं. फुलचंद रोज कोंबडीचे अंडे देऊन जाये. धनराजनं भुईमुगाच्या शेंगायचं पोतं आनून टाकलं अन् म्हनला, बकरीले चारू नका. हर घरातून एक मूठ मुगाची डाळ. पानी बाप लोकायनं पाळीनं भराचं ठरलं, अन् तांड्यात पयल्यांदा मानसं डोक्यावर हंडे घेऊन दिसले. पोट्टे हासत त्यायच्या मांगं फिरत. पुड्याच्या पिठात गूळ अन् तेल घालून झमकीबाई असा शिरा करे का निकिता बी शाळेत जातानी बोट चाटून जाये.

चौथ्या दिवशी वावरात फोन आला. बादलले उलट्या अन् जुलाब लागले. माह्या हातातला इळा पडला. माह्या डोक्यात एकच आलं, मी पोराले वैरिनीच्या हातात देलं. रामधननं इचारलं बी नाई, मोटरसायकलची चावी फुलचंदकडं फेकली. रस्त्यात मी फुलचंदच्या पाठीवर डोकं टेकून देवीले म्हनत होती, तुह्या नावावर खोटं बोलली ते माह्यावर काढ, त्याच्यावर काढू नको.

अंगनवाडीत आली तर झमकीबाई भिंतीले टेकून बसलेली, मोडके गुडघे घडी करून, बादल मांडीवर. तिचं लुगडं उलटीनं भरलेलं, ते बदलाले बी ते उठली नव्हती. हातात चमचा. मीठसाखरेचं पानी एक चमचा तोंडात सोडे, मनात काई मोजे, मंग दुसरा सोडे. सकाऊन सातपासून तिचं तेच चाललं होतं. मले म्हनली, हात धुऊन ये, मंग घे. ताई सिस्टरले घेऊन आल्या. सिस्टरनं पोटाचं कातडं चिमटीत धरून पाह्यलं, जिभेचा ओलावा पाह्यला अन् म्हनली, पाणी कोणी पाजलं? बरं केलं, नाहीतर आता दवाखान्यात पळावं लागलं असतं.

सांजलोक बादलनं डोळे उघडले अन् पातळ खिचडीची चार बोटं चाटली. मी झमकीबाईपुढं उभी राह्यली. मी म्हनलं, "तू जेवली का?" ते म्हनली, नाई. मी घरून भाकर आनून देली. त्या दिवशी आमच्यात एवढंच बोलनं झालं.

आठ दिवस झाले तवा रामधननं जोड केला. एकर कमी पडला नव्हता, अर्धा एकर जास्तीच निंघाला होता. नवव्या दिवशी वाटे करतानी त्यानं अकरा इळे मोजले, अन् झमकीबाईचा वाटा कोनी म्हनाच्या आदी बाजूले काढला. टोळीत त्या वाट्याले आता पोरायचा इळा म्हनतात. शेजारच्या तांड्यातला मुकादम इचाराले आला होता, हे काय नवीन काढलं तुमी. रामधन त्याले असं समजावून सांगे, जसं त्याच्या बापापासूनच चालत आलं.

दिवाळी झाली. सोंगनी सरली. नोव्हेंबरच्या सरतीले वजनाचा दिवस आला. आता नेम असा ठरला होता, आपल्या लेकराचं वजन आपन कराचं नाई, दुसरीनं कराचं. बादलले रामधनच्या सुनेनं काट्यावर ठेवलं, उघडा, अंगावर धागा बी नाई. करदोडा मीच आदी कापला होता. तो एका जागी उभाच राहेना. तिघीनं धरला तवा काटा थांबला. किलोच्या वर वाढला होता. मंग ताईनं पट्टी लावली. बान लाल सोडून, पिवळं सोडून, हिरव्याच्या कडीले आला. ताईनं मले पट्टी दाखवली, अन् मी त्यायचे दोन्ही हात धरले. त्यायच्या पायावर सोयाबीनच्या खुंटायचे डाग अजून होते. मी म्हनलं, ताई, त्या दिवशी तुमी वावरात आल्या नसत्या तर मी पोरगं झोपलं समजून सोंगतच राह्यली असती. चारी लेकरं लालमधून निंघाली होती.

मी घरी जाऊन गरम भाकरी केल्या, मेथीची भाजी केली, अन् बादलले कडेवर घेऊन झमकीबाईच्या घरी गेली. ते दारात पाय शेकत बसली होती. मी टोपलं खाली ठेवलं. माह्यासाठी हे सोपं नव्हतं, पन म्हनली. मावशी, मी तुले भर वावरात लय वाईट बोलली. अन् तू माहं लेकरू वाचवलं. तुहे उपकार मी कुठी फेडू?

बादल माह्या कडेवरून उतरून तिच्या मांडीवर जाऊन बसला होता अन् टोपल्यातली भाकर ओढत होता.

मंग झमकीबाई म्हनली, "तू खरंच बोलली होती वं. माहे गुडघे गेले. मले माहीत होतं, पुढच्या साली रामधन मले घेनार नाई. दिवाळी झाली का पोरीच्या सासरी जायाचं ठरवलं होतं. गाठोडं बी बांधून ठेवलं होतं. जावयाच्या दारात तुकड्यासाठी बसाव, अजून काय. तुह्या पोरानं मले टोळीत ठेवलं. उपकार तू कायले मानते?"

ज्या बाईले मी टोळीतून काढाले निंघाली होती, तिचा वाटा माह्याच लेकराच्या दुखन्यानं टिकला होता, अन् माहं लेकरू तिच्या मोडक्या गुडघ्यावर.

तिनं भाकर मोडली, बादलले घास देला, अन् खाली पाहूनच हळू इचारलं, "आता सोंगनी सरली. अंगनवाडीची चावी परत मांगतीन काय वं?"

मी पदरानं तोंड पुसलं. म्हनलं, "मांगू दे तं खरं. कोन मांगते ते मी पाह्यते."